हिरव्यात ठेवा, नाना

लालबागच्या यमुनाबाई चाळीत तळमजल्यावर एक खोली आहे. दारावर मोठ्या अक्षरांत ‘वाचनालय’ असं लिहिलंय आणि आत कॅरम आहे. पूर्वी आत पुस्तकंही होती म्हणे. त्यातलं एक अजून आहे, पण ते कॅरमच्या डुगडुगत्या पायाखाली असल्यामुळे कोणी वाचायला मागितलं तरी देता येत नाही.

दहावीतल्या अनुजा परबला ही खोली हवी होती. तिच्या घरात एकशेसाठ चौरस फुटांत पाच माणसं, एक टीव्ही आणि आईचं शिलाई मशीन होतं, आणि संध्याकाळी सात ते दहा यातलं काहीही बंद होत नसे. बोर्डाची परीक्षा उंबरठ्यावर आली होती. वर्षभरापूर्वीची अनुजा असती तर कानात कापूस घालून बसली असती. ती अनुजा मंडळाच्या मीटिंगला जायची ती फक्त चहाचे कप उचलायला. या वेळी कप उचलता उचलता ती बोलली.

“आम्हा दहावीच्या पाच मुलींना सात ते दहा वाचनालय द्या.”

मीटिंगमध्ये तिला कोणी गप्प बसवलं नाही, कारण कप तिच्या हातात होते आणि बिस्किटं अजून यायची होती. शेवटी अध्यक्ष नाना घसा खाकरले. नाना म्हणजे गिरणीत अठ्ठावीस वर्षं साचा, म्हणजे कापड विणायचा माग, चालवलेला माणूस. गिरणी गेली, साचा गेला, पण अध्यक्षपद तेवढं राहिलं होतं, आणि कॅरमची क्वीन आजही नानांशिवाय कोणी घेत नसे.

“काय गो, नुसता मागून कोणाक काय गावता?” नाना म्हणाले. “सव्वीस जानेवारीक आपलो सत्यनारायण. दरवर्षी पोरा त्याच गाण्यार नाचतत. तू कायतरी नवीन करून दाखव. जमला तर चावी तुझी. नाय जमला तर कॅरम आसाच.”

नाना मनातल्या मनात चावी खिशात ठेवूनच हे बोलले होते. अनुजाने मात्र ते शब्द धरून ठेवले.

तिला काय करायचं ते ठाऊक होतं, कारण तिची दर्शनाआत्या विमानतळावर कामाला होती. चाळीच्या मते दर्शना ‘काट्यावर’ होती, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगा वजन करत होती. खरं तर विमानात कुठे किती वजन बसलंय याचा हिशेब करून त्याचा कागद पायलटच्या हाती द्यायचं काम तिचं होतं. एकदा नाश्त्याला तिने अनुजाला सगळं पोह्यांच्या ताटावर समजावलं होतं. ताट तिने मधोमध एका वाटीवर ठेवलं आणि एका कडेला लिंबाची फोड ठेवली. ताट त्या बाजूला कललं.

“विमान असंच असतं. पुढे जास्त माणसं बसली की नाक जड, मागे बसली की शेपूट जड. म्हणून शेपटीला जो आडवा पंख असतो ना, तो स्टॅबिलायझर, तो उडायच्या आधी वजन बघून बरोबर तितकाच कलता करून ठेवायचा. त्याला ट्रिम लावणं म्हणतात. पंख पुढून खाली झुकवला की वारा शेपूट दाबतो आणि नाक वर येतं. कमी झुकवला तर नाक उठतच नाही. जास्त झुकवला तर नाक नको तेव्हा उठतं आणि शेपूट जमिनीला घासतं.”

“आणि पायलट चुकला तर?”

“पट्टीवर हिरवा भाग असतो. आकडा माझ्या कागदावरचा लावायचा, पण तो कायम त्या हिरव्यातच येतो. हिरव्याबाहेर लिव्हर ठेवून निघालं की भोंगा बोंबलतो.”

अनुजाने ते ताट मोठं केलं. बांबू आणि थर्माकोलचं आठ फुटी विमान, मधोमध सायकलचा आस, त्यावर ते सी-सॉसारखं वरखाली होणार. समोरून मंडपवाल्याचे दोन मोठे फॅन. शेपटीला प्लायचा आडवा पंख, त्याला दोरी, दोरीला लिव्हर; लिव्हर जितकी वर, तितका पंख जास्त झुकणार. लिव्हरशेजारी उभी फूटपट्टी, खाली शून्य, वर तीस, आणि मधला बारा ते एकवीसचा भाग हिरव्या रंगाने रंगवलेला. लिव्हर हिरव्याबाहेर असताना फॅन लावला की दाराची जुनी बेल वाजायची. आत प्रवासी म्हणून वाळूच्या पुरचुंड्या. तिची मैत्रीण कालिंदी फॅनवर. आठ दिवस दोघी गच्चीत होत्या. विमान इतकं छान नाक उचलायचं की गच्चीतली कबुतरं उठून शेजारच्या चाळीत जायची.

मग मंडळाच्या समितीने मदत करायला घेतलं.

अनुजाने सामानाची यादी दिली होती, त्यात ‘स्टॅबिलायझर – १’ असं होतं. चाळीतल्या माणसाला स्टॅबिलायझर म्हटलं की एकच वस्तू आठवते. गल्लीच्या तोंडावर विकासचं इलेक्ट्रिकलचं दुकान होतं आणि विकास कार्यकारिणीत होता. दुसऱ्या दिवशी तो टीव्हीला लावायचा दोन किलोंचा लोखंडी डबा घेऊन गच्चीत हजर झाला. डब्यावर लाल दिवा, काटा आणि ‘सौजन्य : विकास इलेक्ट्रिकल्स’ अशी सोनेरी पट्टी.

“विकासदादा, हा नाही. तो शेपटीचा पंख असतो.”

“अगं, पंखाला पण लाइट वरखाली झाली की लागतोच ना? ठेव. दिलेली वस्तू परत घेत नाही मी.”

“बरं, मागे ठेवते.”

“मागे?” विकासचा चेहरा पडला. “शेपटीत माझं नाव?”

डबा पुढे गेला. बऱ्याच घासाघाशीनंतर अनुजाने तो तिसऱ्या रांगेपर्यंत सरकवला, पण त्यासाठी सोनेरी पट्टी बाहेरून दिसेल अशी खिडकी कापावी लागली.

ती खिडकी बघून सरचिटणीस उन्मेष खवळला. उन्मेष कुठल्याशा कंपनीत मार्केटिंगला होता आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी ‘प्रेझेंटेशन’ म्हणायचा. “एकट्या विकासचं नाव दिसतं, हे प्रेझेंटेशन बरोबर नाही. कार्यकारिणीतल्या अकराही जणांचे फोटो लावा.” लावले. पुरचुंड्यांवर फोटो चिकटवले गेले. आता अनुजा हिशेबाने काही पुरचुंड्या मागे ठेवायला गेली, तर प्रत्येक जण आपापला फोटो घेऊन तिच्या मागे.

“खजिनदार नवव्या रांगेत कसा बसेल गं? मान आहे का नाही काही?”

“काका, ती वाळू आहे.”

“वाळू असली तरी माझी आहे.”

शेवटी अकराच्या अकरा माणसं पहिल्या तीन रांगांत कोंबली गेली. मागच्या सगळ्या रांगा मोकळ्या. विमानाचं नाक जमिनीला टेकून बसलं. अनुजाने कपाळाला हात लावला नाही. ती वही घेऊन बसली, वजनं मांडली, पंख थोडा थोडा झुकवत गेली आणि अठरा सेंटिमीटरवर फॅन लावल्यावर नाक सावकाश, अगदी झोकात वर आलं. अठरा. हिरव्यात होतं. अठराची जागा चाचपडत शोधावी लागली तर म्हणून तिने बोटांनी मापूनही ठेवलं, पट्टीच्या वरच्या टोकापासून सहा बोटं.

पंचवीस तारखेला संध्याकाळी नाना गच्चीत आले. लिव्हर अध्यक्ष ओढणार हे ओघानेच आलं. त्यांनी ती खसकन तळाला नेली, कालिंदीने फॅन लावला आणि बेल कर्कश वाजायला लागली.

“बंद कर ता,” नाना कानावर हात ठेवून म्हणाले. “कथा चालू आसताना असला टणाटणा नको.”

“चुकलं की वाजते ती. हिरव्यात ठेवा, नाना, मग नाही वाजणार.”

नानांनी लिव्हर हिरव्यात आणली. बेल गप्प झाली. “हिरव्यात ठेवूचा,” नानांनी स्वतःशी पाठ केलं. “बस. हिरव्यात.”

अनुजा त्या दिवशी निर्धास्त झोपली. समिती जागी आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही.

सव्वीसला सकाळी अनुजा आणि कालिंदी परळला शाळेत झेंडावंदनाला गेल्या. परत आल्या तर विमान खाली मंडपात आलेलं, पूजा मांडलेली, आणि पाहुण्या पहिल्या खुर्चीत बसलेल्या. पाहुण्या म्हणजे निवृत्त कॅप्टन मृणालिनी दिघे, राहायला दादरच्या हिंदू कॉलनीत. दर्शनाआत्याने त्यांना गळ घातली होती, आणि स्वतः ड्युटीवर होती. पत्रिकेत वेळ दहाची होती. चाळीत दहा म्हणजे साडेअकरा, पण पायलटला हे कोणी कळवलं नव्हतं. त्या दहाला पाच कमी असताना आल्या होत्या, त्यामुळे समितीची इतकी धांदल उडाली की भटजी यायच्या आधीच विमान उडवायचं ठरलं.

“चला चला, सुरू करा,” उन्मेष माइकवरून ओरडत होता. अनुजा धावत शेपटीपाशी गेली, कालिंदी फॅनपाशी. पांढऱ्या कुडत्यातले नाना लिव्हरवर उभे होते. सकाळीच गणपतच्या सलूनमध्ये दाढी कोरून आले होते.

आणि अनुजाची नजर पट्टीवर गेली.

पट्टी झगझगीत रंगवली होती. वर केशरी, मध्ये पांढरी, खाली हिरवी. रंग अजून ओला होता. आकडे त्याखाली कुठेच दिसत नव्हते.

“हे कोणी केलं?” तिने उन्मेषला विचारलं.

“मी. मस्त आहे ना? सव्वीस जानेवारीला नुसता एक रंग बरा दिसतो का? प्रेझेंटेशन नको?”

“आणि बेल?”

“ती बिघडली होती. सकाळी ट्राय केलं तर हिरव्यात ठेवलं तरी वाजत होती. मग वायर कापून टाकली.”

अनुजाने नानांकडे पाहिलं. नानांनी तिला डोळ्यांनीच धीर दिला. लिव्हर बरोब्बर हिरव्यात होती. अगदी तळाला.

ती पुढे सरकली, तोवर मृणालिनीबाई माइकपाशी आल्या होत्या. त्यांचं मराठी स्वच्छ आणि शांत होतं. “उड्डाणाआधी आम्ही एक यादी वाचतो. एकाने विचारायचं, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. आठवून नाही, बघून. अध्यक्ष, वाचू का?”

“वाचा,” नाना म्हणाले. चारचौघांत ते शुद्ध बोलत.

“दारं?”

“बंद.”

“प्रवासी?”

“अकरा. सगळे कार्यकारिणी.”

“स्टॅबिलायझर?”

“विकासने दिलाय,” नाना अभिमानाने म्हणाले. “दोनशे वीस व्होल्ट, गॅरंटीसकट.”

प्रेक्षकांत बसलेल्या विकासने उभं राहून नमस्कार केला. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे, मग डब्याकडे पाहिलं.

“ट्रिम?”

नानांचा हात आपोआप दाढीवर गेला. “सकाळीच केली.”

बाई खोकल्या, किंवा त्यांनी हसू आवरलं, नक्की काय ते कळायच्या आत उन्मेषने फॅन लावायची खूण केली. फॅन सुरू झाले. तोरणं फडफडली, पूजेच्या ताटातला कापूस उडाला, नानांचा कुडता शिडासारखा फुगला. विमानाने मात्र नाक उचललं नाही. उलट ते पुढे वाकलं आणि सावकाश, आदबीने जमिनीला टेकलं.

“स्पीड वाढव,” उन्मेष म्हणाला. कालिंदीने वाढवला. विमानाने नाक आणखी दाबून धरलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, “झोपला वाटता.”

पण अध्यक्षपद वीस वर्षं असंच टिकत नाही. नानांनी माइक ओढला. “मित्रहो, आपण पाहिलंत. आपल्या चाळीच्या विमानाने पाहुण्यांना वाकून नमस्कार केला.”

अर्धा सेकंद गेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. उन्मेषने दुसऱ्या माइकवरून जोड दिली, “हेच आपले संस्कार. आपल्यात नाक वर करून कोणी जात नाही.” आणखी टाळ्या. विकास परत एकदा उभा राहिला.

नाना अनुजाच्या कानाशी वाकले. “गप ऱ्हव आता. खोली दिली तुका.” आणि कुडत्याच्या खिशातून चावी काढून त्यांनी खरोखर तिच्या मुठीत कोंबली.

चावी जुन्या पितळेची होती, नानांच्या खिशात गरम झालेली. सात ते दहा. पाच मुली, ट्यूबलाइट, दार लावलं की शांतता. गप्प राहायचं, बस. वर्षभरापूर्वी हे तिला किती सोपं गेलं असतं. अनुजाने विमानाकडे पाहिलं. ते नाक फरशीला लावून पडलं होतं आणि आठ दिवसांच्या मेहनतीचा त्याने नमस्कार करून टाकला होता.

“तू बनवलंस ना?” मृणालिनीबाई तिच्या शेजारी येऊन उभ्या होत्या. माइक त्यांच्या हातातच होता. “टेकऑफ झाला का?”

नाना मागून खोकले. उन्मेषही खोकला. खजिनदारांना तर ढासच लागली.

“नाही,” अनुजा म्हणाली, आणि ते माइकमधून पार गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. “नमस्कार नव्हता तो. ट्रिम चुकली होती.”

तिने चावी नानांच्या हातात परत ठेवली.

“मग आता?” बाईंनी विचारलं.

“परत.”

“ठीक. मग वाचू परत.” बाई सहज म्हणाल्या, जणू हे रोजचंच आहे. “ट्रिम?”

अनुजा लिव्हरपाशी गेली. नानांचा हात तिथेच होता, घट्ट. “हिरव्यात आसा मगे,” ते कुजबुजले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. “तूच सांगितलंस ना गो, हिरव्यात.”

“झेंड्यात हिरवा खाली असतो, नाना. विमानात मध्ये असतो.”

नाना पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून उन्मेषकडे बघितलं. उन्मेषला अचानक आपला मोबाइल वाजल्यासारखा वाटला.

अनुजाने पट्टीच्या वरच्या टोकापासून ओल्या केशरी रंगावर एकेक बोट टेकवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पाचव्या बोटापर्यंत केशरी होतं, सहावं पांढऱ्यावर उतरलं. लिव्हर तिने तिथे आणली. पण धरायला नानांचाच हात ठेवला.

“धरा. सोडू नका.”

“ट्रिम?” बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

अनुजाने ओल्या रंगावरचे सहा ठसे बघितले, आठवलं नाही. “अठरा.”

फॅन सुरू झाले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग दोरी ताणली, शेपटीचा पंख थरारला, आणि नाक वर यायला लागलं. कार्यकारिणीचे अकरा फोटो, सोनेरी पट्टी, विकासचा लाल दिवा, सगळं घेऊन ते सावकाश वर आलं आणि वाऱ्यावर स्थिर राहिलं. टाळ्या पडायला या वेळी वेळ लागला, कारण या वेळी लोक खरंच बघत होते. नानांनी लिव्हर दोन्ही हातांनी धरली होती. फोटोग्राफरने ‘हसा’ म्हटलं तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

दुपारी प्रसादाच्या शिऱ्याबरोबर समितीची तातडीची बैठक झाली. ‘नमस्कार व उड्डाण असे दोन्ही प्रयोग यशस्वी’ अशी इतिवृत्तात नोंद झाली. बेलची वायर कोणी कापली यावर चर्चा पुढच्या बैठकीवर ढकलली गेली, आणि सगळ्यांनाच ठाऊक होतं की ती बैठक पुढच्या सव्वीस जानेवारीला असते.

नाना मात्र बैठकीतून लवकर उठले. अनुजा बांबू सोडवत होती, तिथे येऊन बसले.

“साच्यार धागो तुटलो की एक पट्टी पडायची आणि साचो आपोआप थांबायचो,” ते म्हणाले. “म्हायत आसा तुका?”

“नाही.”

“आमी ती पट्टी बांधून ठेवायचो. साचो थांबलो तर पाळी कशी भरतली?”

“मग?”

“मग काय. कापडाक भोका.” नानांनी एका बांबूची गाठ सोडवून दिली. मग त्यांनी खिशातून चावी काढली, आणि या वेळी मुठीत कोंबली नाही, तिच्या समोर धरली. तिने स्वतः घेतली.

सात वाजता अनुजा, कालिंदी आणि बाकीच्या तिघी दप्तरं घेऊन वाचनालयात शिरल्या. कॅरम भिंतीकडे सरकवला होता. त्याच्या चारही बाजूंना नाना, विकास, उन्मेष आणि खजिनदार सोंगट्या मांडून बसले होते, ‘आजच्या दिवस फक्त’ अशा चेहऱ्याने. अनुजा खाली वाकली आणि तिने कॅरमच्या पायाखालचं पुस्तक ओढून काढलं. बीजगणिताचं जुनं गाइड निघालं. एकवीस वर्षांत ते पहिल्यांदाच कोणी वाचायला घेत होतं.

कॅरम एका बाजूला कलला. सगळ्या सोंगट्या घरंगळत उन्मेषच्या पुढ्यात गेल्या, क्वीनसकट.

“अगो, आता खेळूचा कसा?” नाना म्हणाले.

अनुजाने गाइड झटकून पहिलं पान उघडलं. “ट्रिम करा, नाना.”

नानांचा हात दाढीकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकून खाली वाकून कुठला पाय किती आखूड आहे ते बोटांनी मोजायला घेतलं.